मुकादमकाका, डिसेंबरातला ओला खड्डा तुम्हालाच दिसला

आदरणीय मुकादमकाकांना,
सा. न. वि. वि.

तुमचं नाव कुठे येता कामा नये, ही तुमची अट मी पाळतेय. रस्त्याचं नावही घालत नाही. पुण्यात या वर्णनाचे रस्ते इतके आहेत की वाचणाऱ्या प्रत्येकाला तो आपलाच वाटेल. आभार मात्र चारचौघांतच मानायचे आहेत. समोर बसून मानायला गेलं की तुम्ही "असू द्या, असू द्या" म्हणत चष्मा पुसायला लागता आणि विषय डाळिंबाच्या भावावर नेता.

उतार संपतो तिथे, ऐन वळणावर, किराणा दुकानासमोरचा तो खड्डा. उतारावरून गाडी वेगात येणार, वळताना तिरकी होणार आणि नेमकं पुढचं चाक त्यात बसणार. डावीकडून वाचवावं तर दुकानासमोर लावलेल्या गाड्या, उजवीकडून काढावं तर समोरून येणारी पीएमपी. चारचाकीवाले खड्ड्याशी येऊन कचकन ब्रेक दाबायचे आणि मागे हॉर्नचा गजर सुरू. आमचा गॅरेजवाला तर गाडी हातात घेताच म्हणायचा, "त्या वळणावरून येता ना? हँडलखालचा कोनसेट वाजतोय." शॉकअप, रिम, बेअरिंग सगळं बिलात यायचं, पाठीचं बिल वेगळं. सासूबाईंनी माझ्या मागे बसणंच सोडलं होतं.

बुजवायला कोणी यायचं नाही असंही नव्हतं. टेम्पो यायचा, माल ओतायचे, उलट्या फावड्याने थोपटायचे आणि जाताना टेम्पोचंच चाक वरून फिरवून जायचे. आठवडा जायच्या आत खडी सुटी होऊन रस्ताभर पसरायची. सुट्या खडीवरून घसरणं हे खड्ड्यात आदळण्यापेक्षा वाईट असतं, दुचाकीवाल्यांना वेगळं सांगायला नको. मग पुन्हा फोटो, पुन्हा तक्रार, पुन्हा टेम्पो.

आपला सोसायट्यांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप तुम्ही बघताच. कोणी खड्ड्याभोवती रांगोळी काढली, कोणी त्यात केळीचं रोप लावलं, कोणी झाडाची फांदी खोचून तिला लाल फडकं बांधलं (उपयोग झाला तो एवढाच). मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढे बरीच वर्षं प्रशासकच होते, त्यामुळे घरी जाऊन भांडावं असं माणूसही उरलं नव्हतं. सगळा राग ग्रुपवरच. आणि रस्त्यांचा विषय निघाला की पुणेकर जंगली महाराज रस्त्यावर येतोच. मुंबईच्या रेकॉन्डो कंपनीने सत्तरच्या दशकात तो केला, दहा वर्षांची हमी दिली आणि रस्ता पुढे कितीतरी दशकं टिकला, हे आपल्या ग्रुपवर इतक्यांदा आलंय की मुलांनाही पाठ झालंय. तुम्ही ग्रुपवर कधी काही लिहीत नाही. त्या दिवशी दुकानाच्या कट्ट्यावर मात्र मला म्हणालात, "ताई, जेएम रोडचं खरंय. हमीवर कोणीतरी सही केली होती, ते खरं काम. पण आपल्या खड्ड्याला त्याचा काय उपयोग? मला एवढंच सांगा, हा डिसेंबरात ओला कसा?"

या एका प्रश्नासाठी तुमचे आभार आहेत. बाकीचं सगळं त्याच्या मागून आलं.

पाऊस जाऊन कितीतरी आठवडे झाले होते. सगळा रस्ता धुळीने पांढरा पडलेला आणि खड्ड्याच्या तळाशी मात्र काळपट ओल. त्यावरून रोज शेकडो गाड्या जात होत्या. दुकानदाराला वाटायचं, कोणी गाडी धुतली असेल; मला वाटायचं, दुकानदार सडा मारत असेल.

मग तुम्ही खडूने कट्ट्यावरच आकृती काढलीत. वर डांबर, खाली खडी, त्याखाली मुरूम. खडीला डांबर चिकटून असतं तोवर रस्ता. खडी आणि डांबर यांच्यामध्ये पाणी शिरलं की डांबर खडीला सोडतं. वरून चाक गेलं की भेगेतलं पाणी दाबानं आत घुसतं, चाक सरकलं की बारीक चुरा घेऊन बाहेर येतं. असं दिवसभर. खालचा मुरूम भिजून चिखल झाला की वर कितीही चांगला माल टाका, तो खचणारच. पावसाळ्यात हे सगळीकडे होतं, म्हणून आपण पावसाला शिव्या देतो. आपल्या वळणावर पावसाळा बारा महिने चालू होता, जमिनीखालून.

सप्टेंबर २०२४ मध्ये सिटी पोस्टाच्या आवारात महापालिकेचा एक अख्खा ट्रक पेव्हर ब्लॉकसकट जमिनीत गेला, तो व्हिडिओ आपण सगळ्यांनी पुढे पाठवला होता. खाली काय आहे हे वरून कळत नाही, एवढं त्यातून समजायला हरकत नव्हती. पण व्हिडिओ बघायचा आणि पुढच्याला पाठवायचा, इथवरच आपली धाव.

तुमचा शोध कसा चालला ते लिहिल्याशिवाय राहवत नाही. संध्याकाळी दुकानातल्या पोराला डबा घेऊन खड्डा उपसायला लावलात. पोरगं हसत होतं. सकाळी पाणी सुटायच्या आधी येऊन पाहिलं तर खड्डा नुसता ओलसर. पाणी सुटलं आणि अर्ध्या-पाऊण तासात तळाला डबकं. दुसऱ्या दिवशी तेच. मग आपल्या भागाचं पाणी सोडणाऱ्या चावीवाल्याला गाठलंत. त्याच्याकडे क्लोरीन तपासायची बाटली असते. खड्ड्यातलं पाणी काचेच्या नळीत घेऊन त्याने ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकले आणि पाणी पिवळं झालं. म्हणजे ते ड्रेनेजचं नव्हतं, झऱ्याचंही नव्हतं. तुमच्या-आमच्या नळाला येणारं, शुद्ध केलेलं पाणी. उन्हाळ्यात आपण टँकरला पैसे मोजतो आणि इथे तेच पाणी रस्ता खात बसलं होतं.

आणि ती रात्र. थंडी मी म्हणत होती. रहदारी थांबली की या, म्हणालात. लांब लोखंडी सळई रस्त्यात रुतवून तुम्ही तिच्या वरच्या टोकाला कान लावलात, दोन पावलं सरकलात, पुन्हा लावलात. तिसऱ्या जागी थांबलात आणि काही न बोलता सळई माझ्याकडे दिलीत. कानाला आधी गारवा लागला, मग आतून बारीक, सलग सूंऽऽ असा आवाज. खड्ड्यापासून चांगला आठ-दहा फूट वर, उताराच्या बाजूला. पाणी फुटत होतं तिथे आणि जुन्या चरातून वाहत येऊन खड्ड्याशी बाहेर पडत होतं. चर कोणी खोदला होता, कोणत्या केबलसाठी, त्या वादात तुम्ही पडला नाहीत. "बुजवताना धुम्मस केलेला नाही, म्हणजे ठोकून दाबलेलं नाही, राडारोडा लोटलाय, एवढं दिसतंय," म्हणालात.

पुढचा भाग कचेऱ्यांचा. तो थोडक्यात आटोपते, सगळ्यांना तोंडपाठ आहे. रस्तेवाले म्हणाले पाणीवाल्यांकडे जा, पाणीवाले म्हणाले आधी रस्तेवाल्यांनी खोदायची परवानगी द्यावी, आणि दोघंही म्हणाले आचारसंहिता आहे. गळती काढायला कसली आचारसंहिता, हे तुम्ही एवढ्या शांतपणे विचारलंत की समोरचा माणूस खुर्चीतून उठून साहेबांना विचारायला गेला.

अर्जाचा मसुदा मी केला होता. माझ्या मते झकास होता. तुम्ही पेन घेऊन पहिलंच वाक्य काढलंत, "आम्ही संतप्त नागरिक". "संताप त्यांना रोज येतो, पोत्यानं येतो. माप लिहा." मग खड्ड्याची लांबी-रुंदी-खोली, पाण्याची वेळ, उपसल्याची तारीख, क्लोरीन सापडल्याची नोंद, सळईने आवाज आला ती जागा दुकानाच्या उंबऱ्यापासून किती फुटांवर, हे सगळं आलं. एकच अर्ज, दोन्ही खात्यांना उद्देशून, आणि दोन्हीकडची पोच. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १९८अ मला घालायचं होतं, रस्त्याच्या बांधणीत किंवा देखभालीत ठरलेले निकष न पाळल्यामुळे कोणाचा मृत्यू झाला किंवा अपंगत्व आलं, तर जबाबदार असणाऱ्याला एक लाखापर्यंत दंड आहे म्हणून. शिवाय ऑक्टोबर २०२५ चा मुंबई उच्च न्यायालयाचा आदेश: खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख, जखमींना पन्नास हजारांपासून अडीच लाखांपर्यंत भरपाई. तुम्ही म्हणालात, "घाला, पण सगळ्यात शेवटी, एका ओळीत. वर घातलंत तर अर्ज विधी खात्यात जाईल आणि तिथेच मुरेल." किती वर्षं कामावर काढलीत, ते त्या वाक्यात कळलं.

संक्रांतीनंतर खोदलं तेव्हा सळईच्या खुणेखाली, हातभर इकडेतिकडे, फेरूलच्या, म्हणजे मोठ्या पाइपातून घरची जोडणी निघते त्या जोडाशी पाइप फुटलेला निघाला. जमलेल्या बघ्यांनी टाळ्या वाजवल्या. तुम्ही फक्त म्हणालात, "चला, आता रस्त्याचं बघू."

रस्त्याच्या कामाच्या दिवशी आलेल्या कनिष्ठ अभियंता बाईंचेही इथेच आभार मानते. वयाने तुमच्या नातीएवढ्या. खड्डा चौकोनी कापायचा, कडा उभ्या ठेवायच्या, भिजलेला मुरूम पूर्ण काढायचा, हे त्यांनी तुम्ही सांगायच्या आधी सांगितलं, तेव्हा तुम्ही हात मागे बांधून दोन पावलं मागे सरकलात. ते मी पाहिलं. थराथराने भरलं, प्रत्येक थरावर धुम्मस. मग टॅक कोट, म्हणजे वरचा माल चिकटावा म्हणून डांबराचा पातळ हात. आणि माल आला तो उशिरा, ताडपत्री अर्धवट उडालेली, जानेवारीची सकाळ. तुम्ही टेम्पोजवळ गेलात, पाटीतला माल निरखलात आणि बाईंना एवढंच विचारलंत, "मॅडम, थर्मामीटर आहे का?" त्यांच्या बॅगेत होता. हॉटमिक्स, म्हणजे खडी-डांबराचा हा गरम माल, तयार होतं दीडशे अंशांच्या आसपास. नव्वद-शंभराच्या खाली गेलं की रोलर फिरवून नुसता वरून गुळगुळीतपणा येतो, आतून माल दबत नाही. काटा त्याच्याही खाली होता. टेम्पो परत पाठवायचा निर्णय बाईंनी घेतला. ठेकेदाराचा मुकादम कुरकुरला, ड्रायव्हर चिडला, ग्रुपवर "काम पुन्हा रखडलं" म्हणून बोंब झाली. दुसऱ्या दिवशी माल नीट झाकून आला, वाफा निघत होत्या. छोटा रोलर कडेकडून मध्याकडे फिरला. शेवटी तुम्ही एक सरळ पट्टी आडवी ठेवून खालून उजेड दिसतो का ते वाकून पाहिलंत. नाही दिसला.

मे महिन्यातला वळीव झाला, मृगाच्या सरीही कोसळल्या. पॅच जागचा हललेला नाही. उतारावरून पाणी येतं आणि कडेच्या जाळीत जातं. दुकानदार म्हणतो, आता गाड्या इथे वेग कमी करत नाहीत, त्याचं काय करायचं? (तो कायम नवा प्रश्न काढणार.) सासूबाई पुन्हा मागे बसायला लागल्या आहेत आणि वळण आलं की माझा खांदा दाबतात, सवयीने.

काका, एक गोष्ट खटकते ती लिहिते, तुम्हाला आवडणार नाही. जे काम तुम्ही निवृत्तीनंतर, गुडघ्याला पट्टा बांधून, स्वतःच्या खिशातून चहा पाजत केलंत, ते कोणाच्या तरी नोकरीचा भाग असायला हवं होतं. वरवर पॅच मारणाऱ्याला पॅचचे पैसे मिळतात. खाली पाणी का आहे हे शोधणाऱ्याला कशाचेच मिळत नाहीत. तुमच्यासारखा माणूस प्रत्येक गल्लीत नसतो आणि प्रत्येक गल्लीला तो लागूही नये. तुम्ही म्हणाल, "ताई, पुन्हा संतप्त नागरिक सुरू झाल्या."

डेअरीसमोरच्या चेंबरचं तुम्ही मागे बोलला होतात. रस्त्यावर थरावर थर चढले आणि झाकण वीतभर खाली राहिलं. त्याचं माप मी घेतलंय, फोटो दोन्ही बाजूंनी काढलेत, अर्जही लिहिलाय, आणि त्यात संताप कुठेही नाही. शनिवारी संध्याकाळी सोसायटीच्या ऑफिसात या. मजकुरावर एकदा नजर फिरवा. पोच घ्यायला मी जाते.

आपली,
बी विंगमधली अ‍ॅक्टिव्हावाली