निपाणीकरांना सांबरा लांब, उजळाईवाडी जवळ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या बेळगाव आवृत्तीत विमानसेवेच्या बातमीखाली तक्ता छापला होता : बेळगाव ते मुंबई अंतर 400 किलोमीटर, वेळ 50 मिनिटे. आयुष्यभर हायस्कुलात भूगोल शिकवला, त्यामुळे असा तक्ता दिसला की माझा हात आपोआप नकाशाकडे जातो.

400 हा आकडा खोटा नाही. सांबऱ्याच्या, म्हणजे बेळगाव विमानतळाच्या, धावपट्टीपासून मुंबईच्या धावपट्टीपर्यंत दोरा ताणला तर तेवढंच भरतं. पण रस्त्याने हे अंतर 500 च्या घरात जातं, आणि रेल्वे मिरज-पुणे करत 600 ओलांडते. निदान 'हवाई अंतर' एवढं तरी लिहायचं. 50 मिनिटं हीसुद्धा कागदावरचीच. पंख्याचं एटीआर विमान ताशी साधारण 500 किलोमीटरने जातं, त्यावरून कुणीतरी भागाकार केलेला दिसतो. चढता-उतरताना तो वेग कुठला? त्यात मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, गर्दी असली की विमानाला वरच घिरट्या घालाव्या लागतात. म्हणून वेळापत्रकात सव्वा तासाच्या आसपास वेळ धरतात. तोही विमान जागेवरून हलल्यापासून तिकडे उभं राहीपर्यंतचा, घरापासूनचा नव्हे.

माझी खरी तक्रार पुढेच आहे. नकाशावरचा तो दोरा निपाणीच्या अगदी जवळून जातो. म्हणजे आम्ही मुंबईला जायचं तर आधी पाठ फिरवून तवंदी घाट, संकेश्वर, हत्तरगी करत बेळगाव गाठायचं, शहर ओलांडून सांबऱ्याला पोचायचं, आणि मग विमानात बसून पुन्हा आपल्याच गावाच्या अंगावरून उडत जायचं! रस्त्याचे दोन तास, काउंटर तासभर आधी बंद होतो म्हणून हाताशी ठेवायचा वेळ, विमानाचा सव्वा तास, आणि मुंबईत उतरल्यावर दादरपर्यंतची वाहतूक. सहा तास कुठे जात नाहीत. आमच्याकडचे तंबाखूचे व्यापारी रात्री लक्झरीत झोपतात आणि सकाळी मुंबईत कामाला लागतात, ते काही उगीच नाही.

उजळाईवाडीचा कोल्हापूर विमानतळ निपाणीपासून 35 किलोमीटरच्या आसपास आहे, मुंबईच्याच दिशेला आणि हमरस्त्यालगत. तिथून मुंबईचं हवाई अंतर साधारण 310 किलोमीटर. पण आम्ही बेळगाव जिल्ह्यात, म्हणून आमच्या आवृत्तीत फक्त सांबऱ्याच्या वेळा येतात. उजळाईवाडीच्या वेळा कोल्हापूर आवृत्तीत, राज्याच्या सीमेवरच्या कोगनोळी नाक्यापलीकडे. बातमीची हद्द ठीक आहे, पण प्रवासाला निघणारा माणूस जिल्हा बघत नाही, गाडीभाडं बघतो. खानापूर, बेळगावकरांना सांबराच सोयीचं, त्याबद्दल वाद नाही.

तरी बेळगाव आवृत्तीत दोन्ही विमानतळांच्या वेळा शेजारी-शेजारी द्याव्यात आणि कुठल्या दिवशी विमान नाही तेही छापावं, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त भूगोल शिक्षक,
निपाणी, जि. बेळगाव