डॅशबोर्डमधील किरकिर आवाजाबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: वॉरंटीतील गाडीच्या डॅशबोर्डचा आवाज 3 वेळा दाखवूनही दूर न झाल्याबाबत.

महोदय,

मी नाशिकचा रहिवासी असून 14 महिन्यांपूर्वी आपल्या कंपनीची गाडी घेतली. थंडी सुरू झाल्यापासून रोज सकाळी अंबडला कामावर जाताना, गतिरोधक किंवा खडबडीत रस्ता आला की डॅशबोर्डच्या डाव्या कोपऱ्यातून किरकिर आवाज येतो. ऊन चढल्यावर तो थांबतो.

ही तक्रार मी आपल्या अधिकृत वर्कशॉपमध्ये 3 वेळा नोंदवली. पहिल्या वेळी उन्हात तापलेली गाडी भर दुपारी आवारातल्या सपाट सिमेंटवर फिरवून जॉबकार्डावर (वर्कशॉपच्या कामाच्या नोंदपत्रावर) ‘आवाज आढळला नाही’ असे लिहिले गेले. प्लॅस्टिक तापले की प्रसरण पावते आणि भागांमधील फट बदलते, त्यामुळे त्या वेळी आवाज न येणे स्वाभाविक होते. मी तसे सांगितलेही, परंतु मलाच भास होत असावा असे सुचवण्यात आले, याचे मला फार वाईट वाटले. दुसऱ्या वेळी सर्वत्र सिलिकॉन स्प्रे मारला गेला. आवाज जेमतेम 4 दिवस थांबला आणि काचेवर बसलेल्या तेलकट थरामुळे रात्री समोरच्या गाड्यांचे दिवे डोळ्यांवर येऊ लागले. तिसऱ्या वेळी मला न विचारता डॅशबोर्ड उघडण्यात आला. गाडी घरी आणली तेव्हा पायाखालच्या मॅटवर तुटलेल्या क्लिपचा तुकडा सापडला आणि ग्लोव्हबॉक्सजवळ पूर्वी नसलेली खडखड सुरू झाली.

अखेर एका रविवारी सकाळी आम्ही भावांनीच शोध घेतला. ग्लोव्हबॉक्स व दारांचे कप्पे रिकामे केले, एसीचा पंखा बंद ठेवला, भावाने गाडी ताशी 20 ते 30 किलोमीटर वेगाने चालवली आणि मी डाव्या सीटवर बसून एकेक भाग हाताने दाबत गेलो. समोरच्या काचेच्या खांबावरील प्लॅस्टिकचे आवरण जिथे डॅशबोर्डला टेकते, तिथे अंगठा दाबताच आवाज थांबत होता आणि काढताच पुन्हा येत होता. त्या फटीत जाड कागदाची घडी सरकवली, तेव्हा गाडी 8 दिवस शांत चालली. दोन प्लॅस्टिकचे पृष्ठभाग एकमेकांना घासून अडकतात व झटक्याने सुटतात, हेच त्याचे कारण आहे. तिथे फेल्टची पट्टी लावून नव्या क्लिपा बसवणे हे मोठे काम नाही. तरीही ते मी स्वतः करणार नाही, कारण या आवरणामागे एअरबॅग आहे आणि ते चुकीचे बसल्यास एअरबॅग उघडताना अडथळा येऊ शकतो.

म्हणून माझी मागणी अशी, की आपल्या तंत्रज्ञाने सकाळी 7 वाजता माझ्यासोबत माझ्या अंबडच्या रस्त्याने ट्रायल घ्यावी, आवाजाची जागा जॉबकार्डावर लिहावी, दुरुस्ती करून तुटलेल्या क्लिपा वॉरंटीत विनामूल्य बदलून द्याव्यात आणि गाडी परत देण्यापूर्वी पुन्हा सकाळचीच ट्रायल व्हावी. काचेवरील थरही साफ करून मिळावा.

15 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 अन्वये सेवेतील त्रुटीबद्दल मी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागेन.

सोबत: तिन्ही जॉबकार्डांच्या प्रती, आवाजाचे मोबाइलवरील ध्वनिमुद्रण, तुटलेल्या क्लिपचे छायाचित्र.

आपला विश्वासू,
एक ग्राहक, नाशिक