त्वचेच्या कर्करोगावरचे प्रकाश-उपचाराचे यंत्र जिल्हा रुग्णालयात हवे

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,

सविनय नमस्कार.

माझ्या मुलाच्या पाठीवर आणि मांड्यांवर फिकट पांढरे चट्टे उठले तेव्हा तो अकरावीत होता. गल्लीत कोणी कोड म्हणाले. औषधाच्या दुकानातून नायट्याचे मलम आणले. कुष्ठरोग शोध मोहिमेत आशाताई घरी आल्या, त्यांनी चट्टे पाहून लगेच तपासणीला पाठवले. चट्ट्यावर स्पर्श कळतो, म्हणजे कुष्ठरोग नाही, असे तिथे सांगितले. त्या संध्याकाळी मी देवापुढे साखर ठेवली. पुढे चार वर्षांनी, त्वचेचा तुकडा दुसऱ्यांदा तपासल्यावर, खरे नाव कळले: मायकोसिस फंगॉइडिस.

नावात बुरशी असली तरी हा बुरशीचा रोग नाही. 19व्या शतकात आलिबेर या फ्रेंच डॉक्टरांना त्याच्या गाठी अळंबीसारख्या दिसल्या आणि नाव चिकटले. हा त्वचेतल्या टी पेशींचा, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा कर्करोग; लिम्फोमा या कर्करोगाचा दुर्मीळ प्रकार. सावळ्या त्वचेच्या तरुण मुलामुलींत तो पुष्कळदा पांढरे चट्टे होऊन येतो आणि कोड, शिबे, कुष्ठ यांच्या आड वर्षानुवर्षे लपून राहतो.

सुरुवातीला सापडला तर त्याला केमोथेरपी लागतेच असे नाही; प्रकाशाचा उपचारही असतो. उंच कपाटासारखे यंत्र, आत चारी बाजूंना ट्यूब, त्यांतून 311 नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश. डोळ्यांवर काळा चष्मा लावून माझा मुलगा आत उभा राहतो. पहिल्या दिवशी काही सेकंद, मग हळूहळू मिनिटे. त्वचेच्या वरच्या थरातल्या रोगट पेशी या प्रकाशाने मरतात. चट्टे जाड झाले की सोरॅलेन देऊन खोल जाणारा दुसरा प्रकाश वापरतात. सोरॅलेन म्हणजे आपल्या बावचीच्या बियांतले द्रव्य. शेजारी विचारतात, मग उन्हातच का बसत नाही? उन्हाची मात्रा कोण मोजणार, हा प्रश्न आहे.

आमचा अडसर अंतराचा आहे. आठवड्यातून तीनदा, कित्येक महिने. गाव ते शहर एसटीने अडीच तास, आत चार मिनिटे, पुन्हा अडीच तास. कर्करुग्णांना एसटीत सवलत आहे, त्याबद्दल शासनाची आभारी आहे. पण सोबत जाणाऱ्या बापाची मजुरी त्या दिवशी बुडतेच. मध्यंतरी त्या रुग्णालयातल्या ट्यूब गेल्या आणि यंत्र पाच आठवडे बंद राहिले. इतका खंड पडला की मात्रा पुन्हा खालून चढवावी लागते. आम्ही जवळपास पहिल्या पायरीवर आलो.

दुर्मीळ रोगासाठी एवढे यंत्र कशाला, असे आपले अधिकारी म्हणतील. पण कोड आणि सोरायसिसलाही हेच यंत्र लागते, आणि ते रुग्ण प्रत्येक तालुक्यात आहेत. आपल्या खात्याच्या प्रत्येक जिल्हा रुग्णालयात ते बसवा. सोबत प्रकाश मोजण्याचे मीटर, नव्या ट्यूबसाठी दरवर्षी वेगळी तरतूद आणि मात्रा ठरवायला शिकलेली परिचारिका द्या, नाहीतर कपाट गंजत पडेल. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा भर भरती होऊन घ्यायच्या उपचारांवर आहे; माझा मुलगा कधी भरतीच होत नाही. या फेऱ्या योजनेत धरा, बुडालेल्या मजुरीसह.

आणखी एक. आशाताईंनी शोधलेल्या ज्या रुग्णाच्या चट्ट्यांवर स्पर्श कळतो, तो 'कुष्ठ नाही' एवढे लिहून घरी जाऊ नये. चट्टा तीन महिन्यांत गेला नाही तर त्याला त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवून तुकडा तपासावा. आमच्या घरी आलेल्या ताईंचे काम चोखच होते, पुढची वाट कोणी आखून ठेवली नव्हती.

मुलाची पुढची फेरी सोमवारी आहे, पहाटे साडेपाचच्या गाडीने. या पत्राची प्रत मी आमच्या जिल्हा शल्यचिकित्सकांनाही देणार आहे. आपल्या उत्तराची वाट पाहते.

आपली नम्र,
एका रुग्णाची आई