टीएसएच केलीस का?

मिरज, रविवार रात्र

चि. मुक्तास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा तू फोन ठेवून दिलास, तेव्हापासून आई विचारतेय, पोरीला काय बोललात म्हणून. "बाबा, तुम्हाला मनाचा आजार मान्यच नाही" हे तुझं वाक्य काही केल्या डोक्यातून जात नाही. फोनवर तू मला पुढचं बोलूच देत नाहीस, म्हणून लिहायला बसलोय.

मला मान्य आहे, बाळा. मीटिंगच्या आधी तुझे हात कापतात, रात्री छाती धडधडून जाग येते, हे सगळं खरं आहे. त्या समुपदेशक मॅडमकडे जातेस ते अजिबात सोडू नकोस. माझं म्हणणं इतकंच, की सोबत रक्तही तपासून घे. थायरॉइडची, म्हणजे गळ्यातल्या त्या ग्रंथीची, टीएसएच तपासणी केलीस का?

तुला शोभाआत्या आठवते ती बरी झाल्यानंतरची. त्याआधीची मी पाहिलीय. ताटभर जेवायची आणि ब्लाउज मात्र सैल होत जायचे. ऐन थंडीत पंखा लावून बसायची. हातात कपबशी दिली की वाजायची, म्हणून पाहुण्यांसमोर चहा आणणंच तिनं बंद केलं. सगळे म्हणायचे, फार मनाला लावून घेते. भाऊजींच्या गडचिरोलीच्या बदलीचं कारण तर आयतंच होतं. झोपेच्या गोळ्यासुद्धा सुरू होत्या. शेवटी इथल्या एका वयस्कर डॉक्टरांनी तिला दोन्ही हात समोर पसरायला लावले आणि बोटांवर एक कोरा कागद ठेवला. कागदाची कड सारखी थरथरत होती. मग त्यांनी नाडी मोजली, गळा चाचपला, रक्त पाठवलं. थायरॉइड प्रमाणाबाहेर काम करत होती. थायरॉइडला आवर घालणारं कार्बिमॅझोल सुरू झालं आणि काही आठवड्यांत हात स्थिर झाले. भाऊजी तेव्हाही गडचिरोलीतच होते.

आणि ती माझी सख्खी बहीण आहे. हा आजार घराण्यात चालतो, त्यात पुरुषांपेक्षा बायकांना कितीतरी जास्त. दिवाळीत तुझी बारीक झालेली मनगटं पाहिली तेव्हापासून माझ्या मनात हेच आहे.

टीएसएच हा मेंदूतल्या ग्रंथीनं थायरॉइडला दिलेला हुकूम असतो. थायरॉइड जास्त झाली की हुकूम थांबतो, म्हणजे आकडा खाली जातो. आपल्या औषधांच्या दुकानात लोक रिपोर्ट दाखवतात आणि "वाढलेला नाही ना, मग झालं" म्हणतात. म्हणून टीएसएचसोबत टी-थ्री, टी-फोर ही थायरॉइडची संप्रेरकंही तपासून घे. केसांसाठी त्या बायोटीनच्या गोळ्या घेतेस ना? त्यांच्यामुळे काही लॅबच्या तपासण्या फसतात, थायरॉइड वाढलेली नसतानाही वाढल्यासारखी दिसते. निदान दोन दिवस आधी थांबव, आणि डॉक्टरांना तसं सांग. सीबीसी म्हणजे रक्तपेशींची मोजणी, फेरिटिन म्हणजे लोहाचा साठा, आणि बी-ट्वेल्व्ह जीवनसत्त्व, हेही त्याच सुईत होऊन जाईल. रक्त कमी असलं की हृदयाला जास्त पळावं लागतं, आणि धडधडीला आपण भीती समजतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला होता. तू अंडंही खात नाहीस.

तुझा दम्याचा निळा पंप. थंडीत तो जास्त लागतो, मला माहीत आहे. पण त्यातल्या साल्ब्युटामॉलनंही हात कापतात आणि छाती धडधडते. पंप बंद करू नकोस, चुकूनही नाही. फक्त कधी ओढलास आणि कधी घाबरं झालं हे एका कागदावर लिहून ठेव. वारंवार लागत असेल तर दम्याचेच औषध बदलायला हवं, ते डॉक्टर बघतील.

आणि रूममेटनं दिलेली ती धडधड थांबवायची गोळी. प्रोप्रॅनोलॉल असेल तर ती तुझ्यासाठी नाही. दमेकऱ्याच्या श्वासनळ्या तिनं आवळतात. आत्याला ती चालली, कारण तिला दमा नव्हता. मुक्ता, याबाबतीत मी ओरडलो तर ओरडू दे.

धडधडीसाठी दवाखान्यात गेलीस त्या रात्री इसीजी नॉर्मल आला म्हणतेस. पण तू पोचेपर्यंत धडधड थांबली होती ना? ती बटण दाबल्यासारखी एकदम सुरू होऊन एकदम बंद होत असेल तर तेही डॉक्टरांना सांग. अशा वेळी हृदयाचे ठोके नोंदवणारं, दिवसभर अंगावर लावायचं होल्टर यंत्र देतात.

फारच लांबलं. तुला व्याख्यान द्यायचं नव्हतं, माफ कर. आई म्हणते, पोरगी इंजिनिअर आहे, तिला कळतं. कळतंच. सातवीत असताना तू दुकानात स्टुलावर उभी राहून एक्स्पायरीच्या पट्ट्या वेगळ्या काढायचीस, आणि घाऊकवाल्याच्या खोक्यातली जुनी बाटली एकदा सगळ्यांच्या आधी तूच हेरलीस. गिऱ्हाईकांना मी कितीतरी दिवस ते सांगत होतो. आता तुझी बंगळुरूची नोकरी सांगतो. तुझ्या रात्रींबद्दल मात्र कुणाला बोललो नाही, आत्यालाही नाही. तू हो म्हणालीस तरच तिला विचारीन.

समजा, सगळे रिपोर्ट चांगले आले. तर बाबा हरले असं मी मानणार नाही. मग मॅडम सांगतील ते, मानसोपचारतज्ज्ञांची गोळी लागली तर तीही, मी स्वतः आणून देईन, आणि का लागते असं एकदाही विचारणार नाही. पण आधी रक्त देऊन ये. सकाळी कॉफीवर निघू नकोस, काहीतरी खा. आई लसणाची चटणी कुरिअरनं पाठवतेय, भाकरी तिथं मिळते का ते कळव.

तुझा,
बाबा