धावताना मांस थरथरते, त्याकडेही पाहावे

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मॅरेथॉनच्या हंगामानिमित्त आपल्या रविवार पुरवणीत धावणाऱ्यांसाठी आलेला सल्ला वाचला. पाणी, आहार आणि झोप यांविषयीचा मजकूर उपयुक्त आहे. मात्र ‘टाचेखालचा तळ जितका जाड आणि मऊ, तितका शरीराला बसणारा धक्का कमी’ हे त्यातील विधान नवख्यांची दिशाभूल करणारे आहे. शाळेत अनेक वर्षे भौतिकशास्त्र शिकवले आणि निवृत्तीनंतर साताऱ्याजवळच्या यवतेश्वरच्या घाटात नेमाने धावतो, म्हणून त्याबद्दल लिहिणे मला आवश्यक वाटते.

टाच रस्त्यावर टेकते तेव्हा नडगीचे हाड एकदम थांबते, पण त्याभोवतीचे स्नायू, चरबी आणि त्वचा जडत्वामुळे खाली जातच राहतात. हाड थांबलेले आणि मांस अजून चाललेले, या तफावतीतून मांसाला कंप सुटतो. माझ्या भाचीने मोबाइलवर स्लो मोशनमध्ये माझी पोटरी टिपली, तेव्हा हे मला प्रथमच डोळ्यांनी दिसले. टाच टेकताच पोटरीचा फुगीर भाग घोट्याच्या दिशेने ओढला गेला, लगेच वर उसळला, पुन्हा थोडा खाली आला आणि दुसरे पाऊल पडण्याआधी स्थिर झाला. तासाभराच्या धावण्यात हे साधारण १०,००० वेळा घडते, निम्म्या वेळा डाव्या पायात आणि निम्म्या वेळा उजव्या.

टाचेवर पाऊल टाकणाऱ्याला जमिनीकडून मिळणारा पहिला तडाखा शरीराच्या वजनाच्या सुमारे दीड ते अडीच पट असतो आणि पाऊल टेकल्यापासून ५० मिलिसेकंदांच्या आत तो कळसाला पोहोचतो. त्याची मुख्य कंप्रता, म्हणजे दर सेकंदाला होणाऱ्या कंपनांची संख्या, १० ते २० हर्ट्झच्या आसपास असते. पायाच्या मऊ भागांची नैसर्गिक कंप्रता, म्हणजे धक्का बसल्यावर ते आपोआप ज्या लयीत थरथरतात ती, स्नायू किती आवळलेला आहे यावर अवलंबून असली, तरी तीही साधारण १० ते ५० हर्ट्झ या पट्ट्यात येते. झोक्याच्या लयीत धक्के देत गेले की झोका उंच जातो, हे आपण मुलांना शिकवतो. त्या न्यायाने पोटरी आणि मांडी दर पावलागणिक अधिकाधिक हिंदकळायला हवी. प्रत्यक्षात दोन-चार हेलकाव्यांत सारे शांत होते.

कॅनडातील कॅल्गरी विद्यापीठाचे बेनो निग हे मूळचे भौतिकशास्त्राचे अभ्यासक. त्यांनी आणि जेम्स वेकलिंग यांनी २००१ च्या सुमारास मांडलेले उत्तर असे, की स्नायू पाऊल टेकण्यापूर्वीच स्वतःला आवळून घेतात. आवळलेल्या स्नायूची ताठरता वाढते, त्यामुळे त्याची कंप्रता धक्क्याच्या कंप्रतेपासून दूर सरकते. शिवाय तो कंपनाची ऊर्जा अधिक शोषतो. स्टीलचे ताट फरशीवर पडून घणघणू लागले की आपण त्यावर तळहात टेकवतो, तसेच काहीसे हे काम आहे. फरक इतकाच की इथे हात ताट पडण्याआधीच तयार असावा लागतो, कारण धक्का जाणवल्यावर स्नायूला हुकूम देऊन बळ उभे करण्याइतका वेळच उरत नाही. अंधारात जिना उतरताना पायरी संपली असे समजून पाऊल टाकावे आणि खाली आणखी एक पायरी निघावी, तेव्हा दातांपर्यंत जो हादरा बसतो, तो ही पूर्वतयारी चुकल्याचा असतो. उंची वीतभरच असते, पण स्नायू बेसावध असतात.

मऊ तळाच्या बाबतीत हाच मुद्दा निसटतो. पायाखाली मऊ लागले की शरीर पाय अधिक ताठ धरते, आणि मोजला जाणारा धक्का अपेक्षेइतका उतरत नाही. फिनलंडमधील संशोधकांना तर २०१८ मध्ये खूप जाड तळाच्या बुटांत, विशेषतः वेगाने धावताना, धक्का वाढलेला आढळला. बूट निरुपयोगी आहेत असे माझे म्हणणे नाही. पायाला सुखावणारा, न चावणारा बूट जरूर घ्यावा. पण कंपन शमवण्याचे काम स्नायूंचे आहे आणि ते दुकानातून विकत आणता येत नाही. घट्ट पायमोज्यांनी पोटरीची थरथर कमी होते हे खरे आहे, परंतु त्याने दुखापत टळेल असे समजून सराव वाढवू नये.

आमच्या साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनला तर हे विशेष लागू आहे, कारण चढून गेलेला घाट शेवटी उतरायचा असतो. नऊ अंशांच्या उतारावर धक्क्याचे शिखर सपाटीपेक्षा सुमारे ५४ टक्के जास्त भरते, असे प्रयोगात मोजले गेले आहे. घाटरस्ता इतका तीव्र नाही, पण उतार लागतो तो नेमका चढाने मांड्या थकल्यानंतर, आणि थकलेला स्नायू कंपन नीट आवरू शकत नाही. केवळ कंपनांमुळेच इजा होते असे सिद्ध झालेले नाही. तरीही थकलेल्या पायांनी उतारावर भरधाव सुटणे धोक्याचे आहे, हे मी स्वतः भोगले आहे. दोन वर्षांपूर्वी पोटरी धरली तेव्हा एका विक्रेत्याच्या सांगण्यावरून मी सर्वांत जाड तळाचे बूट घेतले आणि सराव तसाच चालू ठेवला. दुखणे महिनाभर हटले नाही. पुढे फिजिओथेरपिस्टने पायरीच्या कडेवर उभे राहून टाचा सावकाश उचलण्याचा आणि त्याहून सावकाश खाली सोडण्याचा व्यायाम दिला, उताराचा सराव आधी बंद करून मग आठवड्याला थोडा थोडा वाढवायला लावला आणि उतरताना पावले लहान व जलद टाकायला सांगितली. हे सारे बिनखर्चाचे होते आणि मला त्याचाच गुण आला.

आपली पुरवणी गावोगावी वाचली जाते, आणि पहिल्यांदा नाव नोंदवणारी कितीतरी मुले-मुली घरची ओढाताण करून महागडे बूट घेतात. म्हणून विनंती अशी, की पुढील एखाद्या अंकात एखाद्या जाणकार फिजिओथेरपिस्टकडून पोटरी आणि मांडीच्या स्नायूंचे व्यायाम व उताराच्या सरावाचा क्रम छायाचित्रांसह लिहवून घ्यावा, आणि तो स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात नव्हे, तर किमान तीन महिने आधी छापावा.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, सातारा