फाइलच्या नावांचा एकच नियम करा : माहिती तंत्रज्ञान मंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्री महोदय,
सादर नमस्कार.

नियमावल्या, मार्गदर्शिका, परिपत्रके सगळे संकेतस्थळावर चढवलेले असते, पण हवे ते सापडत नाही. एकाच नियमावलीच्या शेजारी-शेजारी तीन फायली: ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘स्कॅन ००३’. यातली लागू कोणती, हे नावावरून कसे कळावे?

नाव ही किरकोळ बाब नाही, कारण ते फाइलच्या वेबवरच्या पत्त्याचाच, म्हणजे लिंकचाच, भाग असते. नावात मोकळी जागा सोडली की पत्त्यात तिथे टक्क्याचे चिन्ह आणि २० येतात. निरोपात मोकळी जागा तशीच ठेवून पत्ता टाकला तर लिंक बरेचदा अर्ध्यावरच तुटते. विंडोज रोमन लिपीतली मोठी-लहान अक्षरे सहसा एकच धरते, सर्व्हरवर सहसा असणारी लिनक्स प्रणाली धरत नाही. म्हणून कार्यालयातल्या संगणकावर चालणारी लिंक सर्व्हरवर गेली की ‘४०४’, म्हणजे ‘पान सापडले नाही’, असे दाखवते आणि चूक कुठे झाली हेच उमगत नाही.

तारखांचेही तेच. ०३-०४-२०२४ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च? आयएसओ ८६०१ हे तारीख लिहिण्याचे आंतरराष्ट्रीय मानक १९८८ पासून आहे: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. तसे लिहिले की यादी आपोआप कालक्रमाने लागते.

मराठी नावांचा आग्रह मला मनापासून पटतो. पण देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरे साठवण्याच्या प्रचलित पद्धतीत, तीन बाइट घेते आणि कॉपी केलेल्या पत्त्यात त्याची नऊ अक्षरे होतात. ‘नियम’ एवढ्याच शब्दाची ३६, कारण न, वेलांटी, य आणि म अशी त्यात चार चिन्हे आहेत. तेव्हा फाइलचे नाव लहान रोमन अक्षरांत, शब्दांमध्ये हायफन देऊन ठेवावे आणि पानावरचे शीर्षक पूर्ण मराठीत द्यावे, असे माझे मत आहे. यावर वाद होईल, व्हावाही. ठरेल ते मात्र सगळ्यांना सारखे लागू असावे.

जुन्या फायलींची नावे सरसकट बदलायला मात्र घेऊ नका. त्या पत्त्यांचे दाखले लोकांनी अर्जांत दिलेले असतात. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच पत्ते बदलू नयेत असे बजावले होते. बदलणे भागच असेल, तर ‘पत्ता कायमचा बदलला’ असे सांगणारा सर्व्हरचा ‘३०१’ हा संकेत वापरून जुना पत्ता नव्याकडे वळवा.

फाइल चढवतानाच प्रणालीने नाव तपासावे आणि नियमात न बसणारे परत पाठवावे. नियम एका पानात मावेल. पुढचे परिपत्रक चढण्याआधी तो आदेश निघावा, ही कळकळीची विनंती.

आपली,
एक दस्तऐवज-लेखिका