रात्रपाळीच्या सभासदांसाठी: बीम नसतानाच्या वेळेबद्दल

सर्वांना नमस्कार.

एलएचसीमध्ये, म्हणजे सर्नच्या मोठ्या कणत्वरकात, बीम (प्रोटॉनांचा झोत) काढून टाकला की पुन्हा टकरी सुरू व्हायला निदान दोनेक तास जातात. चुंबकांचा प्रवाह खाली आणायचा, ४५० जीईव्ही ऊर्जेला प्रोटॉन भरायचे, मग वीसेक मिनिटांत ६.८ टीईव्हीपर्यंत (१ टीईव्ही म्हणजे १००० जीईव्ही) चढवायचे. एखादं चुंबक क्वेंच झालं, म्हणजे अचानक तापून त्याची अतिवाहकता गेली, तर ते १.९ केल्विनला परत येईपर्यंत बरीच रात्र सरते.

या वेळात आधी उपकरणांचं कॅलिब्रेशन (मोजमापाची जुळणी) उरकून घ्या, बीम आल्यावर ते करता येत नाही. नंतर वाचा, प्रबंध लिहा, काहीच हरकत नाही; अशा शांत रात्री कामाला फार चांगल्या असतात. फक्त कानात हेडफोन नकोत आणि अलार्मचा आवाज बंद नको.

ट्रॅकरचं, म्हणजे कणांचे मार्ग टिपणाऱ्या उपकरणाचं, व्होल्टेज ‘स्टेबल बीम्स’ (झोत स्थिर झाला) असं जाहीर झाल्याशिवाय पूर्ण चढवू नका, कितीही घाई असली तरी.

लॉगबुकात नुसतं ‘सगळं ठीक’ लिहू नका, सकाळच्या पाळीला त्यातून काहीच कळत नाही. अलार्म कधी वाजला, काय तपासलं, काय तसंच सोडलं, एवढं तरी हवंच.

पहाटे डोळे मिटायला लागले तर जोडीदाराला स्पष्ट सांगा. त्यात कमीपणा नाही.